बिनपगारी ऐकणारा

अण्णांना कुणी "काय, बरं आहे का?" असं विचारलं की "बरं आहे" एवढं साधं उत्तर त्यांच्याकडून कधी यायचं नाही. ते जरा थांबायचे, आतल्या आत काहीतरी तपासून घ्यायचे आणि पाच आकडे सांगायचे. "आज चार, पाच, तीन, चार, चार." विचारणारा बापडा गोंधळून वाटेला लागायचा. मग त्यांची बायको, जिजी, घरातून म्हणायची, "नीट सांगा की, गुडघा दुखतोय म्हनून." त्यावर अण्णा शांतपणे म्हणायचे, "तेच सांगितलं. तिसरा आकडा गुडघ्याचा."

हे पाच आकडे म्हणजे लांबलांबची रेडिओ केंद्रं पकडण्याचा नाद असलेल्या लोकांची जगभरची बोली. पहिला आकडा आवाजाच्या जोराचा, दुसरा मधेच घुसणाऱ्या परक्या केंद्राचा, तिसरा खरखरीचा, चौथा चढउताराचा आणि पाचवा एकंदरीत. पाच म्हणजे उत्तम, एक म्हणजे असून नसल्यासारखं. एखादं केंद्र लागलं की हे आकडे मांडून त्या केंद्राला पत्र टाकायचं, सोबत काय काय ऐकलं ते वेळेसकट लिहायचं. केंद्राने ते आपल्या दप्तराशी ताडून बघायचं आणि जुळलं तर एक कार्ड परत पाठवायचं. त्या कार्डाला अण्णा 'पोच' म्हणत. उभी हयात साखर कारखान्यात फिटर म्हणून काढलेल्या या माणसाच्या घरी पत्र्याची एक ट्रंक होती आणि ती देशोदेशींच्या पोचांनी भरलेली होती. त्यांच्या आयुष्यातली शेवटची पोच मी नाकारली. ते सांगायलाच हे लिहायला बसले आहे. पण आधीचं सांगितल्याशिवाय मी काय करून बसले ते तुम्हाला कळायचं नाही.

संगमनेरला एका कॉलेजच्या गच्चीवर आमचं लहानसं रेडिओ केंद्र आहे. मी तिथे निवेदिका. निवेदिका म्हणजे बोलायचं मी, यंत्र चालवायचं मी आणि पाऊस आला की खिडक्याही लावायच्या मीच. केंद्र सुरू होऊन तीन आठवडे झाले होते. आमचं कुणी ऐकतं का, हेच आम्हाला माहीत नव्हतं. अशा वेळी एक दिवस पांढरी टोपी, पायजमा आणि खिशाला चार पेनं लावलेले एक गृहस्थ जिना चढून आले. माझ्यापुढे एक पोस्टकार्ड ठेवून म्हणाले, "टपालात टाकनार हुतो. म्हनलं, केंद्र बघून तरी घेऊ."

कार्डावर सुबक अक्षरात लिहिलं होतं: 'बुधवार, सायंकाळी सहा ते साडेसहा. सहा वाजून तीन मिनिटांनी बाई खोकल्या. सहा नऊला डावा कालवा म्हणायच्या जागी उजवा कालवा म्हणाल्या, दुरुस्ती केली नाही. सहा एकवीसला पाठीमागे दार वाजले.' खाली पाच आकडे आणि चौदा किलोमीटरवरच्या एका गावाचा पत्ता.

मी मुळात तापट. म्हटलं, "काका, चुका काढायला चौदा किलोमीटर आलात?"

"चुका न्हाईत बाई, पुरावा हाय. कार्यक्रम चांगला हुता असं कुनीबी लिहील, न ऐकता लिहील. तुमी खोकलात हे ऐकल्याबिगर कळनार न्हाई." मग त्यांनी हात पुढे केला. "आता पोच द्या."

आमच्याकडे कसली पोच आणि कसलं काय. मी ऑफिसातल्या एका कोऱ्या कार्डावर लिहिलं, 'आपली नोंद जुळते', खाली सही केली, केंद्राचा शिक्का मारला. अण्णांनी ते दोन्ही हातांनी घेतलं, शाई वाळेपर्यंत फुंकर घातली आणि वहीत ठेवलं. जाताना म्हणाले, "बोलनारा पगारी असतो. ऐकनारा बिनपगारी. त्याला पोच तरी द्यावी मान्सानं." तेव्हापासून दर गुरुवारी त्यांचं कार्ड येऊ लागलं. गुरुवारच्या 'पत्रपेटी'त शेवटचं पत्र नेहमी अण्णांचं. "आणि आता शेवटचं पत्र, आपले मुरलीधर अण्णा," हे वाक्य माझ्या तोंडात इतकं बसलं, की घरी मुलाचा अभ्यास घेतानाही एकदा मी ते म्हटलं होतं. मला ते नावाने हाक मारत नसत. "काय केंद्र, काय म्हनतंय?" असं विचारत.

त्यांचं गाव प्रवरा नदीच्या खालच्या अंगाला, एका टेकाडाच्या आड. आमच्या आवाजाची धाव तिथे संपते. खरं तर त्याच्या थोडी अलीकडेच संपते. अण्णांनी घरावर दोन बांबू एकमेकांना बांधून, वर तांब्याची तार ताणून आमचा आवाज जबरदस्तीने ओढून घेतला होता. मी पहिल्यांदा गेले तेव्हा जिजी म्हणाल्या, "ह्या बांबूपायी माझं वाळवन घालायची जागा गेली. सवत आनली असती तर कामाला तरी आली असती." अण्णांनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं आणि ट्रंक उघडली.

त्या ट्रंकेत सगळ्यात वर, प्लॅस्टिकच्या पिशवीत, एक कार्ड होतं. लक्झेंबर्ग नावाच्या देशाचं. "आपल्या जिल्ह्यात असे सा देश बसतील," अण्णा म्हणाले, "पन ह्या टिचभर देशानं इंग्लंडाच्या नाकात दम आनला हुता."

ही कहाणी त्यांना एका परदेशी फादरांकडून मिळालेली. फादर त्याच देशाकडचे. तरुणपणी आपल्या जिल्ह्यात आले आणि इथेच म्हातारे झाले. मराठी बोलत ती अशी, की बाजारात पाठमोरे उभे असले तर फसावं. कारखान्यातून सुटल्यावर अण्णा त्यांचा बिघडलेला रेडिओ दुरुस्त करायला जात, आणि फादर मजुरी म्हणून गोष्ट सांगत. अण्णांनी त्या सगळ्या गोष्टी दोनशे पानी वह्यांत लिहून काढल्या होत्या. पहिल्या वहीवर शीर्षक होतं: 'युरोपातील जाहिरातींच्या रेडिओचा उगम व हकिकत.'

"इंग्लंडात रेडिओ एकच, तो बी सरकारमान्य," अण्णा सांगत. "त्याच्यावर जाहिरात न्हाई. आन रविवारी तर कीर्तन-प्रवचन सोडून काई न्हाई. आठवडाभर राबल्याला मानूस, त्याला सुट्टीच्या दिवशी गानं पायजे. ते मिळंना. मग एक रिटायर कॅप्टन मोटार घिऊन फ्रान्सच्या किनाऱ्यानं चालला हुता. काफी प्यायला एका गावात थांबला. तिथं त्याला कळलं, का गावातल्या दारू गाळनाऱ्या शेठला रेडिओचा नाद हाय, त्यानं घरातच यंत्र मांडलंय. शेठ एकदा बोलता बोलता म्हनला हुता, अमक्या दुकानातली पायतानं झाक असत्यात. झालं. त्या दुकानाचा खप वाढला. कॅप्टनच्या डोक्यात उजेड पडला. त्यानं शेठला इचारलं, मी तबकड्या पाठवतो, तू हितून इंग्लिशमंदी लाव, वारं नेईल पल्याड."

मग अण्णा बोट उचलत. हे त्यांचं लाडकं वाक्य: "वाऱ्याला जकातनाका नसतो."

तसंच झालं म्हणे. साबणवाले आले, दंतमंजनवाले आले. लक्झेंबर्गात उंच मनोरा उभा राहिला आणि रविवारी निम्मं इंग्लंड परक्या देशाकडे कान लावून बसलं. वर्तमानपत्रांनी एकी केली की या केंद्रांचे कार्यक्रम छापायचे नाहीत. लोकांनी वेळा तोंडातोंडी पाठ केल्या. दुधात घालायची पावडर विकणाऱ्या एका कंपनीने पोरांची मंडळीच काढली. त्यात बिल्ला, शपथ, आणि गुप्त निरोप वाचायची लिपी. अण्णा हे सांगताना इतके रंगून जात, की त्यांच्या शर्टावर तो बिल्ला आहे असं वाटे.

"पन ह्या केंद्रास्नी एक अडचन हुती," ते म्हणत. "साबनवाला इचारायचा, तुमचं कोन ऐकतंय ते दाखवा. आता वाऱ्यावरचं मानूस कसं दाखवायचं? तर पत्रं. पोतीच्या पोती पत्रं. सरकारी रेडिओला तुमी ऐका न्हाईतर ऐकू नका. ह्यांना मातर ऐकनाऱ्याची गरज हुती. म्हनून पोच आली. तिथून ऐकनाऱ्याला किंमत आली."

आमच्या केंद्राला पहिली जाहिरात याच गोष्टीने मिळाली. बसस्टँडजवळच्या चपलांच्या दुकानदाराकडे मी तीनदा जाऊन आले होते. तो म्हणायचा, "ताई, तुमचं बोलणं हवेत जातं, माझ्या गल्ल्यात काय येतं?" चौथ्यांदा अण्णा सोबत आले. त्यांनी त्याला कॅप्टनपासून शेठपर्यंत सगळी हकिकत सांगितली, ती त्याने चहा मागवून ऐकली. मग अण्णा म्हणाले, "एक आठवडा फुकट नाव घेईल केंद्र. पन गिऱ्हाइकाला इचारायचं, कुठून कळलं म्हनून." आठवड्याने दुकानदाराने फोन केला, की सहा जण रेडिओचं नाव सांगून आले. पुढे पुष्कळ दिवसांनी जिजींकडून कळलं, की त्या सहांतले दोघे अण्णांचेच व्याही आणि मेहुणे होते. मी जाब विचारला तर म्हणाले, "पायतानं त्यांना लागतच हुती. आन रेडिओ ऐकूनच गेल्ते. मी ऐकायला बसवलं एवढंच."

पण पोचेच्या बाबतीत हा माणूस कर्दनकाळ. एकदा एका पुढाऱ्याच्या माणसाने आमच्या केंद्राचं कार्ड मागितलं. साहेबांच्या ऑफिसात लावायचं म्हणाला. मी काही नोंद न बघता शिक्का मारून दिलं. अण्णांना ते समजलं. भर दुपारी आले, जिना चढून धाप लागलेली, बसायला सांगितलं तरी बसले नाहीत.

"त्यानं काय ऐकलं हुतं?"

"काही नाही. पण अण्णा, एक कार्ड तर आहे."

"एक खोटी पोच दिली का मागच्या समद्या खोट्या होत्यात. माझ्या ट्रंकंतली सुदिक. उद्या मी जरी न ऐकता नोंद धाडली, तर मला बी परत धाडायची. काय लिहून?"

मी शिक्का उचलून खणात ठेवला.

"लिहायचं, नोंद जुळत न्हाई, पोच देता येत न्हाई. म्हना."

आणि मी, चाळिशी उलटलेली, पोराच्या शाळेत पालक म्हणून भांडणारी बाई, त्यांच्यापुढे उभी राहून ते वाक्य म्हटलं. त्या दिवशी त्यांनी मला फादरांच्या आईची गोष्ट सांगितली. दुसऱ्या महायुद्धाची लढाई लागली आणि लक्झेंबर्गचं केंद्र एका फटक्यात बंद पडलं. फादर तेव्हा लहान. त्यांची आई रोज कामं उरकली की रेडिओ लावायची आणि काटा त्याच जागेवर ठेवून बसायची. नुसती खरखर. काही महिने असंच चाललं. मग शत्रूने देश घेतला, मनोरा घेतला आणि त्याच जागेवरून खोटंनाटं बोलायला सुरुवात केली. त्या दिवशी तिने काटा हलवला. "गप केंद्र चालतं," अण्णा म्हणाले, "खोटं केंद्र चालत न्हाई. मोकळी जागा बी ऐकायची असती, केंद्रा." अण्णांनी तरुणपणी कितीतरी वर्षं धडपडून एका पहाटे तो टिचभर देश अकरा मिनिटं पकडला होता. चार महिन्यांनी पोच आली तेव्हा ती त्यांनी आधी फादरांच्या हातात नेऊन दिली. फादर तोवर थकले होते. त्यांनी कार्ड कपाळाला लावलं आणि म्हणाले, "घरून आलं." हे सांगताना दरवेळी अण्णा चष्मा पुसत.

सात वर्षं हे चाललं. गेल्या वर्षी दिवाळीनंतर मला दोन गोष्टी दिसायला हव्या होत्या, त्या दिसल्या नाहीत. एक म्हणजे, अण्णा केंद्रावर यायचे बंद झाले. मला वाटलं, गुडघा. दुसरी म्हणजे, कार्डावर 'ऐकणाऱ्याचे नाव' अशी ओळ ते स्वतःच आखत, तिथे आता दोन नावं येत होती, त्यांचं आणि जिजींचं. नाव काय बघायचं, अण्णांचंच कार्ड आहे, म्हणून मी ती ओळ वाचतच नव्हते. सात वर्षं ज्याने माझा खोकलासुद्धा टिपला, त्याचं कार्ड मी नीट वाचत नव्हते.

फाल्गुनातल्या एका बुधवारी आम्ही ऐकणाऱ्यांना वाटतो त्या छापील कार्यक्रम-पत्रकात डाळिंबाच्या रोगांवर एका तज्ज्ञांची मुलाखत होती. त्यांची गाडी घाटात बंद पडली. ते आलेच नाहीत. मी ऐनवेळी राजूरच्या बायांच्या जात्यावरच्या ओव्या लावल्या, त्या आम्ही तिकडे जाऊन ध्वनिमुद्रित केल्या होत्या. दुसऱ्या दिवशी अण्णांचं कार्ड एका दूधवाल्याच्या हातून आलं. लिहिलं होतं: 'डाळिंबावरील मुलाखत स्पष्ट ऐकू आली. माहिती उपयुक्त. पाच, चार, चार, चार, चार.'

मी ते तीनदा वाचलं. वेळ नाही, खोकला नाही, दार नाही. पत्रकातलं वाक्य उचलून लिहिलेलं. मला इतका राग आला, की कान तापले. वाटलं, मला उभं करून शाळेतल्या पोरीसारखं वाक्य म्हणायला लावणारा हा माणूस, आणि हा असं करतो. एकदा विचारावं, जाऊन यावं, असं मनात आलंच नाही असं नाही. आलं, आणि मी ते बाजूला सारलं. खरं सांगायचं तर रागाखाली थोडी मजाही वाटत होती, की गुरूची विद्या गुरूला. मी कार्ड घेतलं आणि लिहिलं, 'नोंद जुळत नाही. पोच देता येत नाही.' सही, शिक्का. आणि त्याच दूधवाल्याकडे दिलं.

पुढच्या गुरुवारी अण्णांचं कार्ड नव्हतं. त्याच्या पुढच्या गुरुवारीही नाही. मी फोन केला. वाजून वाजून बंद झाला. म्हटलं, रुसलेत. रुसू देत. म्हातारं माणूस आठ दिवस फुगेल आणि मग जिना चढून येईल, "काय केंद्र" म्हणत. मी माझ्या हट्टाने बसले, आणि असे सहा गुरुवार गेले. सातव्या आठवड्यात दूधवाला रिकाम्या हाताने आला आणि पायरीवरच उभा राहिला. "ताई, अण्णा गेले," तो म्हणाला. "परवा. ताप आला हुता, छातीत कफ झाला." मी त्याला विचारलं, "कुठे गेले?" इतकं मला कळेनासं झालं होतं.

नदीवर दहावा झाला, त्या दिवशी मी गेले. घरावर बांबू तसेच होते. बायका पांगल्यावर जिजींनी मला आत बोलावलं. मी म्हटलं, "जिजी, ते माझ्यावर रागावले होते का?"

"राग कशाचा? त्यांना ऐकूच येत न्हवतं, तुला ठावं न्हाई व्हय?"

"कधीपासून?" मी विचारलं.

"दिवाळीपून कान गेले. येक आधी, मग दुसरा. डाक्टर म्हनले, मशिनीचा बी उपेग न्हाई. कुनाला सांगू नको म्हनले. केंद्राला तर आजाबात न्हाई. मग मी बसायचे रेडूपाशी. तू काय बोलली ते मी त्यांना हातवारं करून, तोंड हालवून सांगायचे, ते लिवायचे. म्हनायचे, दोगांचं नाव घालतो, लबाडी नको. मला हसू यायचं. माझं नाव रेडूला." जिजींनी पदराने तोंड पुसलं. "त्या आठवड्याला माझी भन आजारी पडली, मी कोल्हारला गेल्ते. परत आले तर हे तुजं कारड घिऊन बसल्याले. म्हनले, मी चुकलो. म्हनले, तू न्हवतीस आन कारड गेलं न्हाई तर केंद्राला वाटंल, ऐकनारा गेला. त्या भ्यानं पत्रकात बघून लिवलं."

चार महिन्यांतली ती एकच खोटी नोंद होती, आणि नेमकी तीच मी नीट वाचली.

जिजींनी ट्रंक उघडली. वरच्या प्लॅस्टिकच्या पिशवीत आता लक्झेंबर्गच्या कार्डाच्या जोडीला माझं कार्ड होतं, 'नोंद जुळत नाही' लिहिलेलं. त्याच्या कडेला अण्णांनी पेन्सिलीने लिहिलं होतं: 'केंद्र खरे आहे.' मग जिजींनी वहीतून एक पोस्टकार्ड काढलं. पत्ता आमच्या केंद्राचा. टाकलेलं नव्हतं.

"पुढल्या गुरवारचं हाय. मला म्हनले, तू बसू नको आज, मी येकटा बसतो. रेडूच्या जाळीवर आसा हात ठिवून बसले. मग लिवलं. पन टाकू दिलं न्हाई. त्यापुढं मला बी बसू दिलं न्हाई, म्हनले, येक खोटी गेली, आता बास."

कार्डावर होतं: 'गुरुवार, सायंकाळी सहा ते साडेसहा. ऐकणाऱ्याचे नाव: मुरलीधर, एकटा. कानाने शून्य. तळहाताने. सहा ते सहा दहा, कोणी पुरुष, थरथर जाड. सहा अकरापासून केंद्राच्या बाई. ओळखल्या. सहा अठराला थांबल्या. पाच मोजेपर्यंत काही नाही. इथे माझे नाव येत असे. मग पुन्हा सुरू. कानाने ऐकले नसल्याने आकडे देता येत नाहीत. सबब पाठवू नये.'

मी ते कार्ड मागून घेतलं आणि सरळ केंद्रावर आले. प्रसारित झालेलं सगळं आम्हाला काही महिने जपून ठेवावं लागतं. त्या गुरुवारचं ध्वनिमुद्रण काढलं, घड्याळ समोर ठेवलं. सहा वाजता एका शेतकऱ्याचं भाषण, घोगरा आवाज, दहा मिनिटं. सहा अकराला मी. सहा अठराला मी म्हणते, "आणि आता शेवटचं पत्र," आणि थांबते. मला ते आठवलं. सवयीने गठ्ठ्याखाली हात घातला होता आणि हाताला टेबल लागलं होतं. मी मोजलं. एक, दोन, तीन, चार, पाच. मग मी काहीतरी पुटपुटून चपलांची जाहिरात लावली होती. त्या पाच आकड्यांच्या मोकळ्या जागेत टेकाडापलीकडे एक माणूस रेडिओवर हात ठेवून बसला होता, आणि मी समजत होते, तो रुसला आहे. मी त्या खोलीत एकटी होते. मोठ्याने रडले. लाजायचं काही कारण नव्हतं.

मग कोरं कार्ड घेतलं. सबंध नोंद सेकंदासेकंदाने ताडून बघितली होती. दयेचा प्रश्नच नव्हता. लिहिलं, 'आपली नोंद जुळते.' सही केली, शिक्का मारला, शाई वाळेपर्यंत फुंकर घातली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते घेऊन जिजींकडे गेले. त्यांना वाचता येत नाही. शिक्क्यावरून बोट फिरवत त्यांनी विचारलं, "काय लिवलंय?"

"अण्णांनी लिहिलेलं खरं आहे, असं."

"मंजी त्यांनी ऐकलं हुतं."

"हो. ऐकलं होतं."

त्यांनी मान हलवली. कार्ड दोन्ही हातांनी धरून त्या दारापुढच्या ओट्यावर येऊन बसल्या. मग म्हणाल्या, "ते कारड टाकलं न्हाई, तरी पोस्टमनच्या टायमाला रोज हितं ओट्यावर यिऊन बसायचे. मी म्हनायचे, न धाडल्याची पोच यील व्हय? तर नुस्तं हसायचे. पार ताप चढला त्या दिशीपत्तुर बसले."